एक्केचाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर बदलून मिळणेबाबत

दिनांक : १४ मार्च

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
अनुदानित सामूहिक घरकुल प्रकल्प,
प्रकल्प कार्यालय, नारीन प्रांत.

विषय : तेगिरमेन-साय नवी वसाहत, घर क्रमांक १७. पाहणी अर्जातील प्रश्न ४१ चे उत्तर बदलणे, अहवालातील एका छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करणे व नव्या छत्तीस घरांच्या नकाशात जागा सोडणेबाबत.

संदर्भ : १) आपला वार्षिक यशमापन अहवाल, पान १९.
२) मैदानाचे कुंपण काढल्याबद्दल मला आलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

१. मी एशिमकुल तोकोयेव, वय ६८, घर क्रमांक १७ मध्ये राहतो. आमचे जुने गाव दरडीखाली जाणार होते म्हणून तीन वर्षांपूर्वी आपण आम्हा चोवीस कुटुंबांना ही घरे दिली. घर ऊबदार आहे. भिंतीला ओल नाही. घराविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवतो.

२. गेल्या सप्टेंबरात आपल्या कार्यालयाची जाझगुल नावाची मुलगी पाहणीला आली. तिच्याकडे एक्केचाळीस प्रश्न होते. उत्तरे माझी पत्नी कुलिपा हिने दिली. गुण द्यायच्या प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच. मी मध्येच म्हणालो, "अगं, मोरीचा नळ गळतो, तेवढं तरी सांग." त्यावर ती म्हणाली, "म्हाताऱ्या, गप बस. पोरगी एवढ्या लांबून आलीय, चहासुद्धा प्यायली नाही अजून, आणि तू नळाचं रडगाणं घेऊन बसलास." शेवटचा प्रश्न होता, वसाहतीत कशाची उणीव वाटते. कुलिपा म्हणाली, "काही नाही गं बाई. साय घे अजून." जाझगुलने "काही नाही" असे लिहिले. तिची चूक नाही. आमच्या घरात पाहुण्यासमोर उणीव सांगत नाहीत.

३. मुलगी गेल्यावर कुलिपा अंगणात गेली. आमच्या भिंतीपासून शेजारच्या ओमुर्झाकच्या भिंतीपर्यंत पावले टाकत गेली आणि म्हणाली, "चार पावलं. मी मेले तर तंबू कुठं लावशील रे? मला ठेवणार कुठं?" आपणांस माहीत आहे की आमच्यात मेलेल्या माणसाला घरात ठेवत नाहीत. दाराशी लोकरीचा गोल तंबू उभारून त्यात उजव्या हाताला बाईला ठेवतात. बायका आत रडतात, पुरुष बाहेर काठीवर वाकून रडतात, आणि तिसऱ्या दिवशी तिला नेतात. जुन्या गावात प्रत्येक दारासमोर तेवढी जागा होती. मी हसून म्हणालो, "तुला पोरांच्या मैदानात झोपाळ्यावर बसवू." तीही हसली. हे मी लिहीत आहे, कारण पुढे तसेच झाले.

४. ती ९ फेब्रुवारीला सकाळी गेली. त्याआधी तीन आठवडे अंथरुणावर होती. आमच्या घराच्या बोळकांडीत न्हाणीघरापाशी काटकोनी वळण आहे. आम्ही चौघांनी तिला जाजमावर घेतले. वळणावर ती आडवी निघेना. पुढून घेतले, मागून घेतले. शेवटी ओमुर्झाक म्हणाला, "बायके, उभं करावं लागेल वहिनीला." बायके म्हणजे आमच्या बोलीत थोरला भाऊ, तो मला तसे मानतो. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी तिच्या काखेत हात घातले. तीन आठवडे ती उभी राहिली नव्हती. त्या वळणावर उभी राहिली.

आपल्या अर्जात बोळकांडीची रुंदी विचारली आहे. वळण विचारलेले नाही.

५. तंबू कुठे लावायचा हे कोणाला सुचेना. तेव्हा माझ्या मुलीने कपडे वाळत घालायची दोरी आणली. दोरीला दोन गाठी होत्या. ती म्हणाली, "आईनं शरदातच मोजून ठेवलंय. म्हणाली, मैदानात बसतो, झोपाळ्याला खेटून. फक्त कुंपणाच्या चार जाळ्या काढाव्या लागतील. आणि म्हणाली, बाबांना आत्ता सांगू नकोस, उगीच हसण्यावारी नेतील." मी चेष्टा केली होती. तिने जाऊन मोजून पाहिले होते.

जाळ्या माझ्या सांगण्यावरून काढल्या. नोटिशीत "अज्ञात व्यक्ती" असे लिहिले आहे, तिथे माझे नाव लिहावे.

तंबू झोपाळ्याला खेटून उभा राहिला. वाऱ्याने झोपाळ्याची साखळी लोकरीवर आपटत होती. ओमुर्झाकने ती सुतळीने बांधली.

६. मैदानाच्या खांबावर आपण माणसे मोजणारा कॅमेरा लावला आहे. त्याने ते दिवस मोजले. अहवालाच्या पान १९ वर लिहिले आहे की सामूहिक जागेच्या वापराचे उद्दिष्ट महिन्याला तीस माणसे होते व फेब्रुवारीत एकाच दिवशी दोनशे बारा माणसे आली, म्हणून उद्दिष्ट सातपटीने पूर्ण झाले. सोबत वरून घेतलेले छायाचित्र आहे. त्याखाली ओळ आहे, "रहिवासी सामूहिक जागेत आनंदाने एकत्र येताना."

वरून पाहिले तर रडणारा माणूस आणि दुसरा कोणी सारखाच दिसतो, हे मला मान्य आहे. यंत्राला दोष देत नाही. त्या चित्रात डाव्या बाजूला काठीवर वाकलेला आहे तो मी.

अहवाल आणि नोटीस एकाच दिवशी मिळाले. एकात त्या दिवसामुळे प्रकल्प यशस्वी झाला आहे, दुसऱ्यात त्याच दिवसाबद्दल मला पंधरा दिवसांची मुदत आहे.

७. मी अर्ज लिहिणारा माणूस नाही. कुलिपाने दिलेले गुणही काढून टाकू नयेत, ते तिने दिले आहेत. पण अहवालाच्या शेवटी लिहिले आहे की चोवीस घरांनी कसलीही उणीव सांगितली नाही, म्हणून हाच नकाशा कायम ठेवून एप्रिलमध्ये छत्तीस घरांचे पाये खणले जातील. पाये खणले की मग काही करता येणार नाही. त्या घरांतही म्हाताऱ्या बायका येतील आणि जाझगुलला साय वाढून "काही नाही" म्हणतील. म्हणून विनंती करतो की,

प्रश्न ४१ ला घर क्रमांक १७ चे उत्तर असे लिहावे : "मेलेल्या माणसाला ठेवायला जागा नाही आणि घराबाहेर आडवे नेता येत नाही."

नव्या घरांची बोळकांडी सरळ ठेवावी व दर सहा घरांमागे कुंपण नसलेली मोकळी जागा सोडावी. तिचे माप सोबत पाठवत आहे.

छायाचित्राखालची ओळ काढून "कुलिपा तोकोयेवा यांचा अंत्यविधी" असे लिहावे. छायाचित्र मात्र काढू नये. त्याची एक मोठी प्रत मला मिळावी. आमच्यात अशा वेळी कोणी फोटो काढत नाही. ती त्यात दिसत नाही, पण त्या गोल छपराखाली उजव्या हाताला ती आहे. तिच्या शेवटच्या दिवसांचे दुसरे काहीच माझ्याकडे नाही.

८. कुंपण मी मुदतीत स्वतः बसवून देईन. मात्र चार जाळ्या पक्क्या न ठोकता तारेने बांधीन, म्हणजे हाताने सुटतील. ओमुर्झाकची आई शहाऐंशी वर्षांची आहे. आणि मलाही तिथूनच जायचे आहे. झोपाळ्याची साखळी तेव्हा आधीच बांधून ठेव, असे मी ओमुर्झाकला सांगितले आहे.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
एशिमकुल तोकोयेव
घर क्रमांक १७, तेगिरमेन-साय नवी वसाहत

सोबत :
१) मृत्यू दाखल्याची प्रत.
२) नोटिशीची प्रत. "अज्ञात व्यक्ती" खोडून मी माझे नाव लिहिले आहे.
३) अहवालाचे पान १९.
४) कपडे वाळत घालायची दोरी, एक. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत तंबू. दुसऱ्या गाठीपर्यंत बाहेर उभे राहून रडणाऱ्यांची जागा. कागदावर न मोजता जमिनीवर धरून पाहावी. काम झाल्यावर परत मिळावी, गाठी न सोडता.