पे-स्लिप विभागप्रमुख

३ मार्च, सकाळ
मेहुण्याच्या हॉलमधला सोफा. पाठ धरली आहे. सौ. आत भावंडांच्या गप्पांत, मी बाहेर स्प्रिंगांवर.
जागा मात्र सापडली! दोन खोल्या, मोठी खिडकी. घरमालक निवृत्त मास्तर. म्हणाले, नोकरीचा पुरावा म्हणून पे-स्लिप आणा आणि किल्ली घेऊन जा. आमच्या गाद्यांच्या कारखान्यात पे-स्लिप कुणी पाहिलेलीच नाही. पगार पाकिटात, पाकीट खिशात, विषय संपला. पण मास्तरांकडूनच कळलं की स्लिप मिळणं हा कायदेशीर हक्क आहे.
संकल्प : उद्या शेठच्या टेबलावर मूठ आपटायची.

४ मार्च
आपटली नाही. टेबलावर काच आहे.

७ मार्च
पॅकिंगच्या मावशीही खोली शोधतायत, त्यांचंही स्लिपवाचून अडलंय. म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे आहोत. मागे वळून पाहिलं तर खरंच सगळे होते. नाइलाजाने केबिनमध्ये शिरलो.
शेठनी चहा मागवला. म्हणाले, तुमच्यासारखा जाणकार माणूस डिस्पॅचला वाया चाललाय, आजपासून तुम्ही पे-स्लिप विभागप्रमुख. पगार तोच. पण शिक्का मिळणार!
घरी सांगितलं. सौ.ने विचारलं, स्लिप मिळाली का? हिला नवऱ्याची प्रगती बघवत नाही.

१० मार्च
शिक्का आला. विभाग म्हणजे गाद्यांच्या थप्पीमागचं स्टूल. दुपारभर सहीचा सराव. खाली दोन रेघा, शेवटी टिंब. भारदस्त दिसते.

१ एप्रिल
मावशी स्लिप मागायला आल्या. म्हटलं, प्रोसिजर असते, दोन दिवसांनी या. आवाज थेट शेठसारखा लागला. संध्याकाळी परत हजर! कामगारांना जरा धीर म्हणून नाही.

६ एप्रिल
मावशींनी लेबर ऑफिसात तक्रार केली. कारखान्याविरुद्ध. म्हणजे माझ्याविरुद्धच! हक्कबिक्क यांच्या डोक्यात भरवतं कोण?
इन्स्पेक्टर आले. शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं, हेच विभागप्रमुख. चारचौघांत पहिल्यांदाच कुणी असं म्हटलं. घाम फुटला, पण बरंही वाटलं. आजच्या आज सगळ्यांच्या स्लिपा करायचा हुकूम झाला. लिहून लिहून हात मोडला. सगळ्यात शेवटी माझी स्वतःची. सही तिच्यावरच सर्वांत झकास जमली.
जाताना मावशींना मास्तरांचा पत्ता दिला. माझी जागा पक्कीच आहे, त्यांना आसपास एखादी मिळाली तर मिळू दे. मन मोठं ठेवावं.

७ एप्रिल
मास्तरांनी चष्मा पुसून स्लिप वाचली. कामगार : मी. स्लिप देणारा : मीच. म्हणाले, जन्मभर पेपर तपासले, पण स्वतःच स्वतःला मार्क देणारा पहिल्यांदाच पाहिला. शेठची सही आणा.
शेठ म्हणाले, सह्या तुमचा विभाग, मी ढवळाढवळ कशी करू?

९ एप्रिल
जागा गेली. मावशींनी घेतली. मास्तर म्हणाले, त्यांचे कागद चोख होते. विभागप्रमुखांची सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.
सौ.ने खिडकीसाठी पडदे शिवून ठेवले होते. ते तिने घडी घालून ट्रंकेत टाकले. फार वाईट वाटलं.
मेहुण्याने विचारलं, अजून किती दिवस? म्हटलं, प्रोसिजर असते.