'इतर' नावाचा क्लास

३ मार्च
साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. बिलिंगच्या प्रोग्रॅममधला अवाढव्य क्लास, म्हणजे कोडचा एकच गठ्ठा, फोडून जो सुटसुटीत करेल, तो टीम लीड. हिशेब, पावत्या, ईमेल, छपाई, सगळं त्या एकाच्या पोटात. लिहिला मीच. तेव्हा त्याला भक्कम म्हणायचे. आता म्हणे एकीकडे हात लावला की दुसरीकडे मोडतं. असो. आठवड्याचं काम. मेहुण्याला फोन करून लीड झालो असं सांगून टाकलं.

४ मार्च
नियोजन. एक क्लास, एक काम. फळ्यावर चौकोन काढले, झकास आले. टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, फोडण्याआधी टेस्ट लिहायच्या ना, म्हणजे काही मोडलं तर लगेच कळेल? म्हटलं, पोहता येणाऱ्याने पाठीला डबा कशाला बांधायचा?

६ मार्च
'पावती' वेगळी काढली. तिला ग्राहकाचा पत्ता हवा. पत्ता 'हिशेब'कडे. 'हिशेब' पावतीशिवाय हलेना. वैताग. शेवटी 'इतर' नावाचा क्लास केला. जे कुठेच बसत नाही ते तिथे. फक्त आजच्यापुरतं.

९ मार्च, रविवार
बायकोने स्वयंपाकघरातला माझा खण उघडला. चार्जर, संपलेले सेल, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, केकची सुरी. आवर म्हणाली. मी समजावलं, हा खण आहे म्हणून बाकीचं घर नीट आहे. तिने खण गुडघ्याने ढकलून बंद केला.

११ मार्च
'पावती'त आता चारच ओळी. बाकी सगळं ती 'इतर'ला विचारते. 'ईमेल'सुद्धा. 'छपाई'सुद्धा. काय सुटसुटीत!

१३ मार्च
सासूबाईंचा अभिनंदनाचा फोन. कशाला एवढं, म्हटलं. फोन ठेवल्यावर दोन तांबे पाणी प्यायलो. उकाडा असावा.

१४ मार्च
काम दाखवलं. छोटे क्लास बघून साहेबांनी मान डोलावली. मग नव्या मुलीने 'इतर' उघडला. माउसचं चाक फिरवत राहिली. फिरवतच राहिली. साहेब म्हणाले, "अरे, हा तर जुनाच. पण आधीपेक्षा मोठा कसा झाला?"
नजर लागली.

१७ मार्च
लीड नवी मुलगी. तिचं पहिलं काम, 'इतर' फोडणे. मदतीला मी, कारण आत काय कुठे आहे ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे माझ्यावाचून पान हलत नाही, हेच खरं. तिने मला आधी टेस्ट लिहायला बसवलंय.
घरी आलो तर मेहुणा हजर. केकवर 'अभिनंदन, लीड'. मी बशा मांडायला घेतल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं, तिला कळलं. तिने सुरी मागितली.
सुरी माझ्या खणात. खण उघडेना.