धूर पायजे म्हणे

७ जानेवारी १९७९, रविवार
सकाळपासून घरात एकच गोष्ट. रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये सूचना लागली, कोयल्याचं इंजिन चालवणाऱ्यांनी नागपूरले डिझलच्या ट्रेनिंगसाठी नावं द्या. होळीपर्यंत मुदत. जो नाही जाणार त्याले पुढं गाडी नाही, शेडमध्येच बसवतील. ह्यांची नोकरी अजून आठ वर्षं. मी म्हटलं, द्या ना नाव. तं म्हणे, "पाहू." ह्यांचं पाहू म्हणजे नाही. लग्नापासून ऐकून राह्यली.

११ जाने.
आता हे नवीनच. विलायतेचे गोरे लोक आपल्या छोट्या गाडीत बसायले येऊन राह्यले. अख्खी गाडी त्यायचीच, बालाघाट ते नैनपूर. काम नाही, कोनाचं लग्न नाही. फक्त इंजिन पाहायचं. अन् चालवायले ह्यांचं नाव निघालं. पोरीले पाहायले पाहुणे यावेत तसे इंजिन घासत बसतात.
म्हणे, "पाह्य, लोक समुद्र ओलांडून येऊन राह्यले हिच्यासाठी. सरकार हिले काढंल का?"
मले पटलं बी अन् नाही बी. काढायचंच नसल तं ट्रेनिंग काहून?

१४ जाने., संक्रांत
ह्यांचे नवीन निळे कपडे धुतले, खळ दिली, निखाऱ्याची इस्त्री फिरवली. हात पोळला थोडा.
ह्यांच्या इंजिनात कोयला टाकणारा फायरमन रामप्रसाद तीळगूळ घ्यायले आलता. हे त्याले बजावून राह्यले, "साहेब लोगों के सामने धुआँ काला नहीं निकलना, समझा?" ह्यांचं ठरलेलं आहे. कोयला नीट पडला तं धूर पातळ, काळा धूर म्हणजे ड्रायवर फूहड, कामाचा अजागळ. माही भाजी करपली तरी हेच ऐकवतात.

१७ जाने., लामता
आईकडे आली. उद्या इथूनच जाणार गाडी. म्हटलं पाहून घेऊ. इतक्या वर्षांत ह्यांले गाडी चालवताना नीट पाह्यलंच नाही. आपण डब्यात, हे पुढं.

१८ जाने.
हात काळे आहेत तरी लिहून ठेवते.
आई, मी अन् गावच्या बाया रुळाजवळ उभ्या. गोरे लोक टेशनावरच उतरून चालत आलेले, वावरातलं लाखोळीचं पीक तुडवत, तीन पायांवर कॅमेरे रोवून. गाडी आली. मी हात हलवला. गाडी थांबली नाही, निघून गेली. दूर जाऊन थांबली. मग उलटी आली, मागं मागं, पार झाडीपर्यंत. अन् परत पुढं. परत मागं. आई म्हणे, "जावयाचं काही राह्यलं का वं गावात?" एक म्हातारा बोचकं घेऊन दर वेळी चढायले धावे. त्याले कोन सांगणार? मलेच समजून नाही राह्यलं तं.
मग गाडी आमच्यासमोरच थांबली. गोऱ्यायसोबतचा दुभाषी बाबू इंजिनपाशी गेला. मी जवळच होती, ऐकलं.
"ड्राइवर साहब, फोटो में धुआँ चाहिए. एकदम काला."
हे म्हणे, "आग ठीक है साहब. काला कैसे आएगा?"
"बनाइए ना. इसी के लिए आए हैं."
वरून कपडे. नवे कपडे फोटोत शोभत नाही म्हणे, रोजचे मळके घाला. माही खळ, माही इस्त्री, सगळं गेलं. रामप्रसादचा जुना सदरा चढवला ह्यांनी. पोटावर गुंड्या लागेनात.
मग गाडी परत मागं नेली अन् जी आली. ह्यांच्या इंजिनातून इतका काळा धूर मी जल्मात नाही पाह्यला. आईनं वाळत घातलेल्या वड्यायवर काजळी बसली. गोरे लोक टाळ्या वाजवून राह्यले, एक म्हातारी मेम तं डोळे पुसत होती. हे समोर रुळाकडंच पाहत गेले. माह्याकडं नाही पाह्यलं.
मी बाबूले विचारलं, इतका जीव आहे तं ह्यायच्या देशात नाही का अशी इंजिनं? तो म्हणे, "वहाँ सब हटा दिए, बाई. इसलिए यहाँ आते हैं." मी म्हटलं, अन् इथली हटल्यावर? तो हसला.

१९ जाने., बालाघाट
हे रात्री आले, जेवले नाही. एका गोऱ्या साहेबानं दोन्ही हातांनी ह्यांचा हात धरला, फोटो धाडतो म्हणाला. मग बरं वाटायले पायजे ना? तं नाही.
म्हणे, "त्यायले इंजिन आवडलं का धूर?"
मले काय माहीत. राग यावा तं कोनावर यावा? ते तं बिचारे पाया पडायचेच बाकी होते.

२ फेब्रु.
रामप्रसादनं नाव दिलं. हे एक दिवस म्हणतात देतो, दुसऱ्या दिवशी म्हणतात, ते लोक परत येतील तवा इंजिनवर कोन राहील? माहं डोकं फिरून राह्यलं. शेडमध्ये बसलेला हा माणूस मी कसा सांभाळू? आठ वर्षं?

६ मार्च
फोटो आला. जाड कागद, हाताएवढा मोठा. इंजिन आहे, लाखोळी आहे, आईच्या लुगड्याचा काठसुद्धा आहे. अन् वर धूरच धूर. हे फोटो खिडकीशी नेऊन तिरपा करून पाहून राह्यले. मग म्हणे, "मी कुठं हाव?"
मी धुरावर बोट ठेवलं. इथं.
"तुले कसं समजलं?"
म्हटलं, तुमची जागा आहे ना ती.
मले उगीच रडू आलं, स्वयंपाकघरात गेली.
सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं म्हणे, पुढच्या हिवाळ्यात येतो, हेच ड्रायवर पायजेत. असाच धूर.

१२ मार्च, सोमवार
उद्या होळी. नाव द्यायचा आज शेवटचा दिवस. रात्रभर कूस बदलत होते. पहाटे मले म्हणे, "तू सांग, काय करू?" जल्मात पयल्यांदा विचारलं. द्या म्हणावं तं ह्यांचा जीव तिथं. नको म्हणावं तं जीव कशाच्या भरवशावर ठेवायचा?
निळे कपडे घातले. माहे खळीचे. डबा घेतला. जाता जाता खिळ्यावरून फोटो काढून काखेत मारला.
मी म्हटलं, हा काहून?
"दाखवतो."
कोनाले, नाव देता का फोटो दाखवून इंजिन ठेवा म्हणता, ते विचारेपर्यंत सायकल शेडकडं निघून गेली.