अक्काच्या काढ्यातला गूळ

सोमवार, दिवेलागणीनंतर

रोज काडेचिराईताचा काढा घेऊनही अक्काच्या यकृतावरची चरबी वाढलीच आहे. देशपांडे नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काडेचिराईतातल्या कडू द्रव्यावर संशोधन चाललंय, पण ते अजून औषध झालेलं नाही. काढा घ्यायचा तर घ्या, त्याच्या भरवशावर राहू नका. वजन उतरवा, गोड बंद." अक्का म्हणाली, गोड बंदच आहे. ती खोटं बोलत नाही. मग वाढली कशी?

घरी आल्यावर कळलं. काढा पिण्याआधी ती तोच महादेवाला नैवेद्य म्हणून दाखवते. म्हणून त्यात गुळाचा मुठीएवढा खडा.

"अय्यो तम्मा, देवाला कडू कसं दाखवायचं?" मला, धाकट्या भावाला, ती कानडीत तम्माच म्हणते.

म्हटलं, "ज्यानं विष पचवलं, त्याला काडेचिराईत जड आहे का?"

"तो देव आहे रे. मी अळणावर गावची साधी बाई."

दोघंही हसलो. पण तो गुळाचा खडा डोळ्यांपुढून हलत नाही. आजाराची तिला भीतीच नाही. भीती आहे ती देवाला कडू देण्याची. ती भीती मी कशी मोडू? मलाही तीच आहे.

उद्यापासून नैवेद्य मीच दाखवीन, बिनगुळाचा. रागवायचं तर महादेवानं माझ्यावर रागवावं.