आठवी जागा आणि एक पाठकोरा कागद

श्री गजाननाचे स्मरण करून मी, श्रीमती हौसाबाई हैबतराव शेडगे, वय ७२, शिक्षण मॅट्रिक (रोहे, १९६२), धंदा घरकाम, राहणार पेण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. डोके जागेवर आहे. आज सकाळी पूजा करून, चहा घेऊन बसले आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट न लिहिण्याबद्दल बरेच सांगून झाले आहे.

१) पेण येथील राहते घर, दोन खोल्या व पडवी, मुलगा जगन यास द्यावे. पडवीचे पन्हळ दर वैशाखात साफ करावे लागते. तो करत नाही, हे माहीत असूनही देत आहे.

२) बँकेतील ठेव आणि माझ्या पाटल्या मुलगी इंदुमती, राहणार रोहे, हिला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती भांडत नाही आणि विसरतही नाही.

३) देवघरातील पितळी गणपती, समई व पाट सूनबाईस. पाटाखाली एक कागद आहे, तो मात्र तिचा नाही. त्याबद्दल कलम ६ पाहावे.

४) माझे पुरणयंत्र १९९१ सालच्या होळीपासून जाऊबाई धोंडुबाई यांच्याकडे आहे. ते मी त्यांनाच दिले असे समजावे, म्हणजे परत न केल्याचा दोष त्यांना लागणार नाही.

५) यजमानांची शिट्टी, हवा भरायचा पंप, आणि मी ज्याने फुटबॉलची उसवलेली शिवण घालत असे ते दाभण, या वस्तू कलम ७ मधील जागेबरोबर जातील. गुणतक्त्याच्या सदतीस वह्याही त्याबरोबरच. या वह्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूंवर लिहून दोऱ्याने शिवल्या आहेत. कोणी रद्दीत घालू नयेत.

६) आता मुख्य गोष्ट. ती नीट कळावी म्हणून थोडे मागचे लिहिते.

सन १९८० मध्ये यजमानांनी पेण, रोहे व नागोठणे या बाजूच्या आठ संघांची भोगावती-कुंडलिका फुटबॉल लीग सुरू केली. भातकापणी झाली की सुक्या शेतांत रविवारी सामने होत. नियमांचा कच्चा मसुदा यजमानांनी पेन्सिलने लिहिला व मला म्हणाले, "पक्का कर. तुझं अक्षर छापील."

आमच्या घरात कोरा कागद कच्च्या कामाला कधी वापरला नाही. पाठकोराच घ्यायचा, ही शिस्त माझीच. मसुदा रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीच्या जाहिरातीमागे लिहिला होता. शेवटचे, सातवे कलम असे होते: "पहिली तीन वर्षे आठही संघ कायम राहतील." खाली जागा संपली होती. पाठकोऱ्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला छापीलच असणार, म्हणून मी तो उलटला नाही. आणि "पहिली तीन वर्षे" हे शब्द पेन्सिलीचे, पुसट झालेले, मला खोडल्यासारखे वाटले. मी पक्के लिहिले: "आठही संघ कायम राहतील." आठही संघप्रमुखांनी सह्या केल्या. आमच्या संघाचे प्रमुख म्हणून यजमानांनीही केली, न वाचता. माझ्या अक्षरावर त्यांचा तेवढा विश्वास.

तेव्हापासून लीगमधून कोणी बाहेर गेले नाही आणि कोणी आत आले नाही.

आमचा संघ सदतीस वर्षांत एकवीस वेळा शेवटचा आला. वह्यांत आहे. पहिली दोन-तीन वर्षे पोरे सकाळी पळायला तरी जात. मग मटण खाऊन, ढेकर देत मैदानात उतरू लागली. "काय फरक पडतो काकी, पुढल्या साली आपण हायच की." फरक पडत नव्हता, हे खरे होते.

मैदानाला लागून खाडीचा बांध आहे. त्या बांधावर मिठागरात काम करणाऱ्यांचा एक संघ दर रविवारी उभा राहून सामने बघत असे. त्यांचा प्रमुख काळुराम. दर दसऱ्याला दुपारी आमच्याकडे लीगची सभा. काळुराम आपट्याची पाने घेऊन यायचा, आणि पानांबरोबर अर्ज.

"वयनी, यंदा तरी बगा."

"नियमात नाही बसत, काळुराम."

"आमी खाली बसतो गो वयनी, नियमाला वर बसू द्या."

सभा हसायची. मीही हसले आहे. १९८४ च्या संक्रांतीला त्यांनी आमच्या संघाशी असाच, लीगबाहेरचा सामना खेळला. त्यांनी सहा गोल केले, आम्ही शून्य. त्यांच्या पायांना मिठाने भेगा पडलेल्या होत्या, अनवाणी खेळले. तो सामना तक्त्यात धरता येत नव्हता, म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आहे.

१९८६ च्या श्रावणात पाठकोरे कागद शोधताना तो मसुदा हाती आला. उलटला. पालखीच्या जाहिरातीच्या समासात, यजमानांच्या पेन्सिलीने, आडवे लिहिलेले होते: "चौथ्या वर्षापासून शेवटी येणारा संघ बाहेर बसेल व बाहेरच्यांत पहिला येणारा त्याच्या जागी येईल." कागद उजेडात धरला, तेव्हा "पहिली तीन वर्षे" हेही खोडलेले नव्हते. हाताने नुसते पुसटले होते.

मी यजमानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला.

"आपण गेली तीन वर्षं शेवटी हाव. ह्यो कागद सभेत काढला तर पयले बाहेर कोण?"

"आपण."

"मग?"

"पण लिहिलंय तुम्हीच."

"लिवलंय मी, पण पक्कं केलंस तू. आता कायम म्हणजे कायम."

मी तो कागद देवाच्या पाटाखाली ठेवला. यजमानांना दोष देत नाही. ते २००९ साली वारले. त्यानंतरची आठ वर्षे मला कोणी अडवले नव्हते. तरीही दर दसऱ्याला काळुरामला मी लाडू दिला आणि नियम सांगितला. देवाच्या पाटाखालचे देवाला दिसत नाही, असे मी कधी मानले नाही.

गेल्या दसऱ्याला तो काठी टेकत आला. मी म्हटले, "आता कशाला दमतोस?" म्हणाला, "सवय झाली वयनी. अर्ज नाय दिला तर सोनं लुटल्यासारकं वाटत नाय." तो लाडू घेऊन घरी परतल्यावर मी हे लिहायचे ठरवले.

७) लीगच्या नियमाप्रमाणे संघाची जागा संघप्रमुखाची, व त्याच्यामागे तो लिहून देईल त्याची. यजमानांनी ती मला लिहून दिली होती, कारण जगन तेव्हा डोलवीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये होता. आता जगनला ती हवी आहे. एका ठेकेदाराला द्यायची आहे, त्याचे नाव पोरांच्या बनियनवर येणार आहे. जगनचे म्हणणे, "आई, आठच जागा हायत आणि शेवटी आलो तरी जात नाय, म्हणून तर मागतात. अमेरिकेत पण असंच असतं." असेल. अमेरिकेचे नियम मी लिहिलेले नाहीत. हे मी लिहिले आहेत.

तरी भोगावती-कुंडलिका लीगमधील आठवी जागा मी काळुराम व त्याच्या मिठागरावरच्या संघास देत आहे. ही भेट नाही. ती त्यांची १९८४ पासूनची आहे, माझ्याकडे राहून गेली होती.

८) पाटाखालील कागद इंदुमतीने माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या दसऱ्याच्या सभेत वाचावा. आधी पुढची बाजू, मग मागची. बाकीच्या सात संघांनी तो मानावा की नाही, हे माझ्या हातात नाही. माझ्या हातात एकच जागा होती. मात्र काळुरामच्या संघाने तो मानावा अशी अट घालते. शेवटी आले तर त्यांनीही बाहेर बसावे. ते बसतील. त्यांना सवय आहे.

९) आमच्या संघाने यापुढे बांधावर उभे राहून सामने बघावेत. आत यायचे असल्यास जगनने दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन काळुरामच्या घरी जावे. अर्ज स्वच्छ अक्षरात असावा. लाडू मिळेल.

१०) माझ्या दिवसांना जेवणावळ नको. बाराव्याला दहीभात व केळे पुरे.

हे मृत्युपत्र चार कागदांवर आहे. कागद दोन्ही बाजूंनी कोरे, नवीन, विकत आणलेले आहेत. आयुष्यात प्रथमच. लिहिणे एकाच बाजूस आहे. साक्षीदारांनी प्रत्येक कागद उलटून पाहिला व मागे काही नाही याची खात्री करूनच सही केली.

स्थळ : पेण, जिल्हा रायगड
दिनांक : २२ ऑगस्ट २०१७

(सही) हौसाबाई हैबतराव शेडगे

साक्षीदार :
१) मुनीरा सुलेमान, शेजारीण, निवृत्त शिक्षिका, पेण. उलटून पाहिले.
२) नाथा केरू ठाकूर, टपाल खात्यातून निवृत्त, पेण. उलटून पाहिले.