गादी कारखान्याला माणसं पाहिजेत

नांदगाव पेठ,
२१ मे २०१५

तीर्थरूप साडभाऊ उत्तमरावजी यांस,

खुशालरावाचा रामराम. आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, आणि सुंदराबाईंचं पित्त कसं आहे, ते कळावं. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्याचं पेपरात वाचलं. इथं चव्वेचाळीसच आहे, म्हणजे आम्ही थंड हवेच्या ठिकाणी राहतो असं समजायला हरकत नाही. घरी सर्व ठीक. मी नावाप्रमाणे.

पत्रास कारण, इथं एक अजब प्रकार घडला, तो आपल्यासारख्या जाणत्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याला माहीतच आहे, मी एकोणीस वर्षांपासून रऊफभाईंच्या गादी कारखान्यात सुपरवायझर आहे. (रऊफभाईंचे वडील अकोल्याच्या जुन्या शहरात खांद्यावर पिंजणाची धनुकली घेऊन दारोदार फिरायचे, मुलानं इथं एमआयडीसीत पत्र्याची शेड टाकली.) यंदा वसतिगृहांच्या बाराशे गाद्यांची ऑर्डर आली. जूनअखेर द्यायच्या, नाही दिल्या तर ऑर्डर सुरतेला जाणार आणि रऊफभाई शेडला कुलूप लावणार, असा सरळ हिशेब. हात पाहिजेत पस्तीस, होते सोळा. आता गंमत पाहा. दोन हंगाम सोयाबीननं दगा दिल्यापासून गावोगाव बाया म्हणतात काम नाही, आणि आम्ही म्हणतो माणूस नाही. दोघं एकाच फाट्यावर उभे, तरी भेट होत नाही. हे असं का, याचा मी चहा पिता पिता पुष्कळ विचार केला. चहा संपला, उत्तर सापडलं नाही.

रऊफभाईंना सापडलं. ते म्हणाले, आपणही माणसं बोलवायची वेबसाइट काढू. बजेट विचारलं, तर म्हणाले, फुकटाच्या जवळपास. म्हणून त्यांनी भाची शाइस्ताला बोलावलं. ती अकोल्यात जुन्या शहरात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. दर रविवारी बसनं यायची, आणि मास्तरीण असल्यामुळे आल्या आल्या आम्हा दोघांनाही रागवायची. पहिल्या रविवारी तिनं इंटरनेटवरचा एक तयार फुकट नमुना घेतला आणि रऊफभाईंनी त्यावरचे फोटो स्वतः निवडले. काचेची इमारत, कोटातली माणसं, एकमेकांचे हात हलवून हसताहेत. खाली अर्ज, अकरा चौकटींचा. त्यात ईमेल, बायोडाटा, आणि 'पाच वर्षांनंतर आपण स्वतःला कुठे पाहता?' असाही एक प्रश्न. (मी चौसष्ट वर्षांचा होईन, दुसरं काय दिसणार?) पंधरा दिवसांत एकच अर्ज आला. तो मीच करून पाहिला होता. लगेच उत्तर आलं, आभारी आहोत, योग्य वाटल्यास कळवू. अजून कळवलेलं नाही.

आमच्याकडे पार्बताबाई आहेत. गादीला टाके घालण्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही. त्यांनी फोनवर ती वेबसाइट पाहिली, बोटानं कोटवाल्यांना मोठं केलं आणि विचारलं, "भाऊ, हे कोन होय? याईले टाका घालता येते काय?"

मग ठरलं, फोटो आपलेच टाकू. शाइस्तानं तिच्या फोननं काढले. बायांनी लाजून पदरात तोंडं लपवली, म्हणून सगळे फोटो पदरांचे आले. गादीचा दर्जा दिसला पाहिजे हा रऊफभाईंचा हट्ट, तेव्हा गादीवर आडवं व्हायचं काम माझ्यावर आलं. नेमका डोळ्यात कापूस गेला आणि मी डोळे मिटले. (झोपलो नव्हतो. हे मी इथं सगळ्यांना सांगून चुकलो आहे, आपल्यालाही सांगतो.) शाइस्ता नको नको म्हणत असताना रऊफभाईंनी तोच फोटो सर्वांत वर टाकायला लावला. खाली मोठ्या अक्षरात: 'आमच्याकडे काम करा. रोज आठ तास. जेवणाची सुट्टी वेगळी.'

तीन दिवसांत रऊफभाईंच्या फोनवर त्रेचाळीस लोक. दर्यापूरच्या एकानं सांगितलं की तो दहा तासही सहज झोपू शकतो, कुशीवर आणि पाठीवर, दोन्ही. सेमाडोहच्या एकानं चादर घरची आणावी की कारखान्याची मिळते, असं विचारलं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, मला या कामाचा तीस वर्षांचा अनुभव आहे, दाखला आणू का? त्रेचाळिसांत सुईला हात लावायला तयार असलेला एकही नाही.

चौथ्या रविवारी शाइस्तानं सगळं पुसून टाकलं. म्हणाली, "मामू, आपण आपल्यालाच काय सांगायचं ते लिहून राहिलो. येनारीले काय पुसायचं हाय, ते कोनी पुसलं?" तिनं अकरा चौकटींच्या दोनच केल्या. एक फोन नंबर. दुसरी, 'यायच्या आधी तुम्हाला काय विचारायचं आहे?' नावाची सक्ती नाही. ती लिंक पार्बताबाईंच्या बचत गटात पाठवली, तिथून ती गावोगाव गेली. आणि एक अट घातली, उत्तर वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असं, आणि खरंच लिहायचं. 'लवकरच' हा शब्द चालणार नाही.

उत्तमरावजी, दोन दिवसांत एकतीस प्रश्न आले. ते मी वहीत उतरवून घेतले आणि दिवसभर वाचत बसलो, इतकी मला नवलाई वाटली. बस पुलाखाली थांबते की फाट्यावर? शाळेचा ओरिजिनल दाखला ठेवून घेता काय? पेरणीच्या आठवड्यात सुट्टी भेटते काय? कापूस नाकात जाते, फडकं कोण देते? लेकरू तीन वर्षांचं आहे, त्याला कुठं ठेवायचं? आणि सहाजणींचा एकच प्रश्न, बायांच्या संडासाला आतून कडी आहे काय? मी जाऊन पाहिलं. नव्हती. पार्बताबाई म्हणाल्या, दिवाळीपासून नाही, एक बाई आत गेली की दुसरी बाहेर उभी राहते. कारखान्यातल्या बायांना जे ठाऊक, पंचक्रोशीतल्या गावांना जे ठाऊक, ते मला ठाऊक नव्हतं. रऊफभाई दुपारच्या उन्हात अमरावतीला गेले, कडी आणली आणि स्वतः पेचकस घेऊन बसवली. पेरणीची सुट्टी दिली. पाळणाघर नाही, तर 'नाही' असं लिहिलं.

शेवटचा प्रश्न बिननावाचा होता. 'तो वरडनारा बाप्या अजून हाय काय?'

हा कोण असावा, याचं मला फार कुतूहल वाटलं. रऊफभाईंना विचारलं, ते पंख्याकडे पाहू लागले. माझा संशय पॅकिंगच्या श्रावणवर होता. (माणूस तसा गरीब आहे, पण मिशा रागीट.) शेवटी पार्बताबाईंना गाठलं.

"आपल्या इथं कोन वरडते हो?"

"तुमी, भाऊ."

"मी? काहून?"

"आमाले आधी वाटे, तुमी रागीट हा. मंग समजलं, तुमाले ऐकूच येत नाही. आखाजीच्या सनाआधी म्या म्हनलं, सुई तुटली. तुमी म्हनलं, सुट्टी नाही! अन् ते असं वरडून, का त्या तिघी नव्या पोरी दुसऱ्या दिसापासून आल्याच नाही."

मी पिंजणयंत्रापाशी स्टुलावर जाऊन बसलो. एकोणीस वर्षं माझं स्टूल तिथंच आहे. त्या तिघी मला आठवत होत्या. काम बघून पळाल्या, असं मीच रऊफभाईंना सांगितलं होतं. आजकाल कष्ट नको सगळ्यांना, असंही वरून म्हटलं होतं. खरं सांगतो, जेवणाचा डबा तसाच परत नेला आणि घरी पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर मी माझ्या हातानं लिहिलं. शाइस्तानं फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. 'हो, आहे. नाव खुशालराव. यंत्राजवळ राहून त्याला ऐकू कमी येते, म्हणून तो ओरडतो. मनात राग नसतो. समोर येऊन बोलावे. कान दाखवणार आहे.' रऊफभाई म्हणाले, हे कशाला, गिऱ्हाइकं काय म्हणतील? मी म्हटलं, कडीचं लिहिलं ना, मग हेही राहू द्या.

आठ दिवसांत बावीसजणी आल्या. त्या तिघींतल्या दोघी परत आल्या. तिसरीनं निरोप पाठवला की बाकीच्यांचं पाहून ठरवते. प्रत्येक नवी बाई सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे पाहत सावकाश, मोठ्यानं बोलते, जसं आपण परगावच्या पाहुण्याशी बोलतो. सातशे गाद्या झाल्या. बाकीच्याही होतील असं दिसतं. वेबसाइटवर आता सर्वांत वर त्या कडीचा फोटो आहे. रऊफभाईंना त्याची लाज वाटते, पण शाइस्ता सांगते की लोक सर्वांत जास्त तोच उघडून पाहतात.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आपल्या गुडघ्याला आराम.

आपला,
खुशालराव

ता. क. 'कान दाखवणार आहे' असं लिहून बसलो आणि आता नव्या बाया रोज विचारतात, दाखवले काय? तेव्हा २ जूनला, मंगळवारी, अकोल्याला येतो. आपण कानाच्या डॉक्टरकडे माझ्यासोबत यावं. ते काय बोलतात ते आपण ऐकावं आणि मला कागदावर लिहून द्यावं. घरी मशीनचा पट्टा आणायला जातो असं सांगितलं आहे. सुंदराबाईंना कळू देऊ नये. बहिणी बहिणी आहेत, एकीला कळलं की दुसरीचा स्वयंपाक थांबतो.

आणखी ता. क. उत्तर पत्रानंच द्यावं, फोन करू नये. फोनवर आपण काय बोलता ते मला दोन वर्षांपासून कळत नाही. मी नुसतं हो हो म्हणतो. मागल्या रविवारी आपण बराच वेळ काही विचारत होता, मी तीनदा हो म्हटलं. मग सुंदराबाई बोलल्या, त्यांनाही म्हटलं. बुधवारी आपल्याकडून पेढ्याचा पुडा आला. पेढे चांगले होते. मी कशाला हो म्हटलं, तेवढं मंगळवारच्या आत कळवावं.