झिंकला लावलेला निळा रंग

ती. नम्रताताईस,

लवूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचं पित्त दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम, होडीचं इंजिन सोडून. (बाबांची भूक उत्तम. कधीकधी दोनदा जेवतात.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोन कानाला लावला की बाबा समोर येऊन बसतात, आणि हा मजकूर त्यांच्यासमोर बोलण्यासारखा नाही.

तुला आठवत असेल, इंजिनाच्या पायाला, पंख्याच्या जरा वर, झिंकचा एक ओबडधोबड तुकडा लावलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणून पंखा आणि इंजिन वाचतं. झिजणं हेच त्याचं काम. (आपल्या घरात ते काम माझ्याकडे आहे, असं तुझी भावजय सुगंधा म्हणते, मला वाटतं ती स्वतःबद्दल बोलते.) त्याला रंग मात्र कधी लावायचा नाही. रंगाखाली तो सुखरूप राहतो आणि बाकीचं सगळं कुजतं. हे मला बाबांनीच शिकवलं, माझ्या हातातला ब्रश खाडीत भिरकावून.

यंदा नारळी पौर्णिमेआधी इंजिन नेहमीसारखं बाबांनी हातात घेतलं. पिंपात गोडं पाणी भरून ते चालवलं, आतलं मीठ धुतलं. मग पुन्हा धुतलं. चहा घेऊन आले आणि परत धुतलं. पाणी ओढून ओढून सुगंधाची कंबर गेली, पण बाबांना कामात रस आहे म्हणून आम्ही खूश. मग बाबांनीच पंखा काढून दांड्याला ग्रीस थापलं, पंखा चढवला, सगळ्याला निळा रंग दिला आणि वर हळदकुंकू वाहिलं. त्यात झिंकही निळं झालं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळी झाली. मागल्या आठवड्यात बाबा आणि मी जाळी घेऊन परत येताना, नेमकं खडकांच्या तोंडाशी, पंख्याचं पातं तुटून गेलं. इंजिन बोंबलतंय, होडी जागची हलत नाही, आणि लाट आम्हाला खडकाकडे नेतेय. मी घाबरलो, ताई. देवाचा धावा करायचा तर कुठल्या देवाचा तेच सुचेना. टाकलेला नांगर कुठेतरी अडकला म्हणून वाचलो. बाबा शांतपणे बसून होते. शेवटी शेजारच्या मितेशने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं, आणि नवऱ्यामुलाची वरात आणल्यासारखं बंदरावर सगळ्यांना दाखवलं.

किनाऱ्यावर इंजिन उताणं केलं तर पायाची पांढरी भुकटी नखाने निघत होती. पंख्याला भोकं. झिंक तेवढं निळंशार, ठणठणीत. बाबांनी सुरीने त्यावरचा रंग खरवडला आणि माझ्यावर डोळे वटारले.

"खंयच्या गाढवान रंग लावल्यान ह्येका? तुका बापसान शिकवल्यान नाय?"

मी म्हटलं, "चुकलंय, बाबा."

त्यावर ते माझा चेहरा न्याहाळून म्हणाले, "आमचो लवू असा कधी करूचो नाय."

उभ्या जन्मात बाबांनी माझं कौतुक केलं ते हे एवढंच, आणि तेही माझ्याकडेच तक्रार करताना. मितेश ऐकत होता. त्या दिवसापासून त्याने माझी टिंगल बंद केली, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तर मुंबईच्या बाजारात अस्सल झिंक मिळत असेल तर पाठवून दे.

तुझा,
लवू (वरीलप्रमाणे आदर्श मुलगा)

ता.क. झिंक इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. बसवूनही झालं. पंखाही नवा आणला. रंगाचा डबा सुगंधाने तांदळाच्या पिंपामागे लपवलाय.

ता.क. दुसरं : तू आंगणेवाडीच्या जत्रेला येईन म्हणाली होतीस. जत्रेची तारीख देवी देईल तेव्हा देईल, तू तोवर थांबू नकोस. माझं नाव बाबांना पाठ आहे, चेहरा तेवढा गेलाय. तुझा अजून आहे की नाही, ते तू दारात उभी राहिल्याशिवाय कळणार नाही.